कंट्री गाणे पॉप झाले तेव्हा: जिम रीव्ह्‌ज, पॅट्सी क्लाइन आणि नॅशव्हिलचा साज

सांजधून

१९५७ साली अमेरिकी गायक जिम रीव्ह्‌ज यांनी ‘फोर वॉल्स’ हे गाणे गायले, तेव्हा ते मायक्रोफोनच्या इतके जवळ उभे होते की ओठ त्याला जवळजवळ टेकले होते. नेहमीचा मोकळा, चढा आवाज त्यांनी बाजूला ठेवला आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तसे ते खालच्या सुरांत गायले. आरसीए व्हिक्टर या त्यांच्याच कंपनीतील काही मंडळींना ही पद्धत मान्य नव्हती. निर्माते चेट अ‍ॅटकिन्स यांनी मात्र पाठराखण केली. रीव्ह्‌ज यांचे १९५३ सालचे ‘मेक्सिकन जो’ आधी ऐकावे आणि लगेच ‘फोर वॉल्स’ ऐकावे. दोन्ही गाणी एकाच गळ्यातून आली आहेत हे मला तरी पहिल्या वेळी पटले नव्हते. ‘फोर वॉल्स’ कंट्रीच्या (अमेरिकेच्या ग्रामीण, दाक्षिणात्य ढंगाच्या संगीताच्या) लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेच, पण पॉपच्या यादीतही ११व्या स्थानापर्यंत गेले.

हा धागा त्या ‘पण’साठी काढला आहे. एल्व्हिस प्रेस्ली आणि रॉक अँड रोलची लाट आल्यावर टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहराचा कंट्री संगीताचा धंदा धोक्यात आला होता. आरसीएमध्ये अ‍ॅटकिन्स आणि डेका कंपनीत ओवेन ब्रॅडली या दोन निर्मात्यांनी त्यावर जो उपाय शोधला, त्याला पुढे ‘नॅशव्हिल साउंड’ असे नाव पडले. फिडल (म्हणजे आपले व्हायोलिनच, पण खेडवळ ढंगाने वाजवलेले) आणि स्टील गिटार मागे सरकले किंवा पूर्णपणे वगळले गेले. त्यांच्या जागी व्हायोलिनांचा मुलायम ताफा, धीमा पियानो आणि जॉर्डनेअर्स किंवा अनिता कर सिंगर्स यांच्यासारख्या वृंदांचे ‘ऊऽ-आऽ’ आले. हा नॅशव्हिल साउंड म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले की अ‍ॅटकिन्स खिशात हात घालून नाणी खुळखुळवीत, असा किस्सा प्रसिद्ध आहे. माणूस स्वतःच्या कामाविषयी इतका निर्विकार प्रामाणिक असावा, हे मला आवडते.

कंट्रीचे कट्टर चाहते या प्रकाराला बाटवाबाटवी म्हणतात. माझे मत उलटे आहे. साज बदलला म्हणूनच ही गाणी टिकली आणि जगभर पोहोचली. १९५९ च्या ऑक्टोबरात ध्वनिमुद्रित झालेले ‘ही’ल हॅव टू गो’ हे त्याचे उत्तम उदाहरण ठरावे. एक पुरुष दारूच्या गुत्त्यातून टेलिफोन करतो आहे, पलीकडे ती आहे आणि तिच्याजवळ दुसरा कोणीतरी बसला आहे, एवढाच प्रसंग. जो आणि ऑड्री अ‍ॅलिसन या दांपत्याने ते रचले. ऑड्रीबाईंचा आवाज इतका हळू होता की फोनवर पतीला त्यांना तोंड रिसिव्हरजवळ आणायला सांगावे लागे आणि त्यातूनच गाण्याची पहिली ओळ सुचली, असे सांगतात. आता हे गाणे दांडग्या आवाजात, फिडलच्या साथीवर गाऊन पाहा! ज्याला टेलिफोनमध्ये कुजबुजायचे आहे, त्याच्या मागे शांतताच हवी. हे गाणे मुळात तबकडीच्या दुसऱ्या बाजूला टाकलेले होते. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटवली आणि १९६० साली ते कंट्रीच्या यादीत १४ आठवडे पहिले राहिले, पॉपच्या यादीत दुसरे आले.

जाणकारांनी सहमती-असहमती अवश्य नोंदवावी.

मांडवी

धागा वाचून फार बरे वाटले. मी पणजीची. आमच्या शेजारच्या घरी नाताळ जवळ आला की जिम रीव्ह्‌ज यांची ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’ ही १९६३ सालची ध्वनिमुद्रिका बाहेर निघे, आणि नेवऱ्या तळण्याचा वास व तो आवाज या दोन गोष्टी माझ्या मनात आजही वेगळ्या होत नाहीत. आम्ही हिंदू घरातली मुले, पण त्या गाण्यांचे शब्द आम्हांला तोंडपाठ होते.

त्याचे एक कारण मला पुढे कळले. रीव्ह्‌ज गायक म्हणून नावारूपाला येण्यापूर्वी रेडिओवर निवेदक होते. लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथील केडब्ल्यूकेएच केंद्रावर त्यांनी नोकरी केली होती. (त्याही आधी ते बेसबॉल खेळत आणि दुखापतीमुळे तो खेळ सुटला.) निवेदकाची सवय म्हणजे प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारणे. इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा नाही अशा लोकांनाही त्यांचे गाणे पहिल्याच ऐकण्यात समजते. भारत, श्रीलंका, दक्षिण आफ्रिका, नॉर्वे या देशांत त्यांना जे प्रेम मिळाले, त्यामागे तुम्ही म्हणता तो साज असेलच. पण हे स्वच्छ उच्चार मला अधिक महत्त्वाचे वाटतात. दक्षिण आफ्रिकेतील श्रोत्यांसाठी तर त्यांनी आफ्रिकान्स भाषेतही गाणी म्हटली.

३१ जुलै १९६४ रोजी स्वतः चालवीत असलेले छोटे विमान वादळी पावसात नॅशव्हिलजवळ कोसळून ते गेले. वय अवघे ४० होते. ‘डिस्टंट ड्रम्स’ हे त्यांचे गाणे इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर आले ते १९६६ साली, म्हणजे मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

खर्ज

मी पेटी वाजवतो, त्यामुळे दोन-तीन गोष्टी वादकाच्या बाजूने मांडतो.

स्टील गिटार म्हणजे मींडेचे वाद्य. तारेवरून पोलादी दांडी सरकवीत एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाता येते. पेटीवाल्याला जन्मभर जे जमत नाही नेमके तेच. ही पद्धत १९व्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जन्मली, तिथून अमेरिकेच्या दक्षिणेत कंट्रीवाल्यांकडे गेली आणि दुसऱ्या वाटेने आपल्याकडेही आली. हिंदी चित्रपटगीतांच्या सुरावटी ‘हवाईयन गिटार’वर वाजवलेल्या तबकड्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने हौसेने ऐकल्या आहेत. तेव्हा नॅशव्हिलने स्टील गिटार मागे सारली, याचा अर्थ त्या संगीतातली मींडच काढली, असा होतो आणि कट्टर चाहत्यांची नाराजी मला समजते.

परंतु मींड गेली तरी तिची आठवण पियानोवर आली. फ्लॉइड क्रेमर हे नॅशव्हिलचे पियानोवादक मुख्य स्वराला शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श देऊन मग त्यावर येत. तिथे त्याला ‘स्लिप नोट’ म्हणतात. आपण सरळ कणस्वर म्हणू. मूळ कल्पना गीतकार डॉन रॉबर्टसन यांच्या एका डेमोमधली (नमुन्यादाखल केलेल्या ध्वनिमुद्रणातली) होती आणि तशीच वाजवावी असे अ‍ॅटकिन्स यांनीच क्रेमर यांना सुचवले. हँक लॉकलिन यांच्या ‘प्लीज हेल्प मी, आय’म फॉलिंग’ या १९६० सालच्या गाण्यात तो कण स्पष्ट ऐकू येतो. त्याच वर्षी क्रेमर यांची ‘लास्ट डेट’ ही निव्वळ वाद्यरचना पॉपच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

आणखी एक. तिथले साथीदार स्वरलिपीचे कागद फारसे वापरीत नसत. जॉर्डनेअर्समधील नील मॅथ्यूज यांनी एक आकड्यांची पद्धत बसवली: पट्टीतील पहिल्या स्वरावरच्या स्वरमेळाला १, चौथ्यावरच्याला ४, पाचव्यावरच्याला ५. गायिकेचा गळा आज बसला आहे, पट्टी अर्ध्या सुराने उतरवा, असे ऐन वेळी ठरले तरी कागद बदलावा लागत नाही. आपला ‘सा’ नाही का, काळी एक असो की पांढरी चार, सा तो साच! तीन तासांत चार गाणी उरकणारी ती माणसे हे कसे साधत असतील याचे मला फार दिवस कोडे होते. ही पद्धत कळल्यावर ते बरेचसे सुटले.

फटकळ

सांजधून, लेख चांगला आहे, पण मूळ मुद्दा कालक्रमालाच धरून नाही. नॅशव्हिल साउंडमुळे कंट्री गाणे पॉपमध्ये पोहोचले, असे तुम्ही म्हणता. पॅटी पेज या पॉप गायिकेने ‘टेनेसी वॉल्ट्झ’ हे कंट्री गाणे १९५० साली गायले, आणि तेही स्वतःच्याच आवाजावर स्वतःचाच आवाज चढवून. तेव्हा नॅशव्हिल साउंड कुठे होता? कंट्रीचे गायक-गीतकार हँक विल्यम्स यांचे ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ १९५१ साली पॉप गायक टोनी बेनेट यांनी न्यूयॉर्कमध्ये मोठ्या वाद्यवृंदासह गायले आणि ते पॉपच्या यादीत पहिले आले. बेनेट तर ते गायला तयारच नव्हते, निर्माते मिच मिलर यांनी आग्रह धरला. गाणे मुळात कसदार असले की ते कोणत्याही अंगरख्यात चालते, एवढेच यावरून दिसते.

हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ रोजी, एका कार्यक्रमाला जात असताना मोटारीच्या मागच्या आसनावर गेले, तेव्हा ते २९ वर्षांचे होते. त्यांनी फिडल आणि स्टील सोडले नाही, मायक्रोफोनमध्ये कुजबुजले नाहीत, आणि तरीही त्यांची गाणी आज गायली जातात. त्यामुळे ‘साज बदलला म्हणून टिकली’ हे वाक्य आपण मागे घ्यावे, अशी नम्र सूचना आहे.

सांजधून

फटकळ, कालक्रमाचा मुद्दा मान्य आहे. मात्र तुमच्याच उदाहरणात माझे उत्तर दडलेले आहे. १९५१ साली हँक विल्यम्स यांचे गाणे पॉपच्या शिखरावर गेले, खुद्द हँक विल्यम्स गेले नाहीत. तिथे बेनेट गेले. ब्रॅडली आणि अ‍ॅटकिन्स यांच्यामुळे बदलले ते हे की कंट्रीचा गायक स्वतःचे गाणे घेऊन उंबरा ओलांडू लागला. ‘टिकली’ हा शब्द मी मागे घेते. ‘गायकासह पोहोचली’ असे वाचावे.

आणि यासाठी पॅट्सी क्लाइन यांच्यापेक्षा चांगला दाखला नाही. व्हर्जिनियातील विंचेस्टरची ही मुलगी. १९५७ साली दूरचित्रवाणीवर आर्थर गॉडफ्री यांच्या गुणदर्शनाच्या कार्यक्रमात ‘वॉकिन’ आफ्टर मिडनाइट’ गाऊन ती एकदम गाजली आणि नंतर तीन-चार वर्षे काहीच घडले नाही. फोर स्टार या कंपनीशी तिचा असा करार होता की त्या कंपनीच्या मालकीची गाणी सोडून तिला दुसरे काही गाता येत नसे, आणि ती गाणी बहुतांशी सामान्य होती. करार संपला, डेका कंपनीत ओवेन ब्रॅडली यांच्या हाताखाली मोकळेपणाने गाता येऊ लागले आणि १९६१ साली ‘आय फॉल टू पीसेस’ कंट्रीच्या यादीत पहिले आले. ते गाणे वर चढत असतानाच, जून महिन्यात, तिच्या मोटारीला भीषण अपघात झाला.

ऑगस्टमध्ये ती कुबड्या घेऊन ध्वनिमुद्रणाला आली. गाणे होते ‘क्रेझी’, रचणारा विली नेल्सन नावाचा तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नसलेला तरुण. नेल्सन यांची गाण्याची तऱ्हा तिरपागडी: ओळ तालाच्या मागे रेंगाळत येते आणि समेला आली न आली असे करते. पॅट्सीला ते मुळीच आवडले नव्हते. शिवाय बरगड्या दुखावलेल्या असल्याने वरचे सूर लागत नव्हते. एरवी तीन तासांत चार गाणी होत, तिथे एकाच गाण्यावर चार तास गेले आणि तरीही गायन झाले नाही. ब्रॅडली यांनी साथ तेवढी मुद्रित करून ठेवली, काही आठवड्यांनी तिला परत बोलावले आणि तिने त्या तयार साथीवर एका दमात गाणे पूर्ण केले. ‘क्रेझी’ कंट्रीमध्ये दुसरे आणि पॉपमध्ये नववे आले.

माझा मुद्दा असा की त्या गाण्यातील वेदना नुसत्या शब्दांत नाही. विली यांच्यासारखे तालामागे रेंगाळणे तिने सोडले, पण शब्दाला थोडे थांबवून मग सोडण्याची त्यांची युक्ती ठेवली; मागे जॉर्डनेअर्स आणि क्रेमर यांचा पियानो इतक्या हळुवारपणे आहे की त्या थांबण्याला जागा मिळते. ५ मार्च १९६३ रोजी टेनेसीतील कॅम्डनजवळ विमान कोसळून ती गेली. वय ३०. दहा वर्षांनी, १९७३ साली, कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये स्वतंत्र गायिका म्हणून मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली.

जुनी तबकडी

एक छोटी भर. एंगलबर्ट हंपरडिंक यांचे ‘रिलीज मी’ आपल्याकडे सर्वांना पॉप गाणे म्हणूनच ठाऊक आहे, परंतु ते मुळात कंट्री गाणे असून रे प्राइस यांनी १९५४ मध्येच गाजवले होते. हंपरडिंक यांचा जन्म १९३६ साली मद्रासचा, खरे नाव अर्नोल्ड जॉर्ज डॉर्सी. हे भारदस्त नाव व्यवस्थापकाने एका जर्मन संगीतकारावरून उसने घेतले. १९६७ साली या गाण्याने इंग्लंडच्या यादीत बीटल्सच्या ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ या जोडतबकडीला पहिल्या क्रमांकापासून रोखून धरले होते. माझ्या काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी बीटल्सची बाजू घेऊन माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

कोलंबसकर

मी ओहायोत राहतो. इथल्या जुन्या माणसांशी बोलताना जाणवते की ‘खरे कंट्री कोणते’ हा वाद केवळ वाद्यांचा कधीच नव्हता. आत कोणाला घ्यायचे आणि बाहेर कोणाला ठेवायचे, हाही प्रश्न त्यात होता.

रे चार्ल्स यांनी १९६२ साली कंट्री गाण्यांची एक अख्खी ध्वनिमुद्रिका काढली. डॉन गिब्सन यांचे ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ त्यांनी व्हायोलिने आणि वृंदगायनासह गायले आणि ते पॉपच्या यादीत पाच आठवडे पहिले राहिले. एका कृष्णवर्णीय गायकाने ही गाणी गावीत, याचे अनेकांना तेव्हा नवल वाटले होते. पुढे चार वर्षांनी आरसीएने चार्ली प्राइड यांच्या पहिल्या तबकड्या रेडिओ केंद्रांना पाठवल्या त्या त्यांचे छायाचित्र न जोडता. आधी आवाज ऐकू द्या, चेहरा नंतर, असा तो हिशेब होता. मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या कुटुंबातून आलेला हा गायक १९७१ साली कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्तम कलाकार झाला.

१९७४ साली याच संस्थेने ऑलिव्हिया न्यूटन-जॉन यांना सर्वोत्तम गायिका ठरवले, तेव्हा नॅशव्हिलमध्ये गहजब झाला. इंग्लंडात जन्मलेली, ऑस्ट्रेलियात वाढलेली पॉप गायिका आमची सर्वोत्तम कशी, म्हणून जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या कंट्री गायक दांपत्याच्या घरी जुन्या मंडळींनी बैठक घेतली आणि निराळी संघटनाच काढली. पुढच्या वर्षी मुख्य पुरस्कार पॉप वळणाच्या जॉन डेन्व्हर यांना मिळाला, तर तो जाहीर करण्यास आलेल्या चार्ली रिच यांनी नावाचा कागद मंचावरच लायटरने पेटवला. गंमत अशी की रिच यांचे स्वतःचे ‘द मोस्ट ब्यूटिफुल गर्ल’ १९७३ साली पॉपच्या यादीत पहिले आलेले होते! कागद जाळण्यामागे त्यांच्या मनात काय होते याविषयी आजही इथे एकमत नाही.

सांजधून यांनी कराराचा उल्लेख केला म्हणून आणखी एक. डॉली पार्टन यांचे ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ १९७४ साली कंट्रीत पहिले आल्यावर एल्व्हिस यांना ते गायचे होते. त्यांच्या व्यवस्थापकाने, कर्नल पार्कर यांनी, प्रकाशन हक्कांतील अर्धा वाटा मागितला. डॉलीबाईंनी नकार दिला आणि त्या रात्री त्या रडल्या, असे त्यांनीच सांगितले आहे. १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टन यांनी ते गायले आणि ते १४ आठवडे शिखरावर राहिले, तेव्हा गीतकार आणि प्रकाशक म्हणून सगळे हक्क डॉलीबाईंकडेच होते. पॅट्सी क्लाइन यांच्या त्या कराराशेजारी हे ठेवून पाहावे.

फटकळ

कोलंबसकर, उत्तम माहिती. सांजधून यांनी एक शब्द मागे घेतला, त्याबद्दल आभार. आता दुसऱ्या शब्दावर येतो.

‘गायकासह पोहोचली’ हे तरी साजामुळेच घडले का? ‘क्रेझी’ रचणाऱ्या विली नेल्सन यांचेच पुढचे पाहा. नॅशव्हिलमध्ये आरसीए कंपनीने त्यांना वर्षानुवर्षे त्याच मुलायम पद्धतीने गाऊन घेतले आणि गायक म्हणून ते फारसे पुढे गेले नाहीत. शेवटी ते टेक्सासला परतले आणि १९७५ साली ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ ही ध्वनिमुद्रिका अत्यंत मोजक्या वाद्यांत केली. गिटार, बहिणीचा पियानो, थोडी माउथ ऑर्गन, असे काहीसे उघडेवाघडे प्रकरण. कोलंबिया कंपनीतील अधिकाऱ्यांना तो कच्चा डेमो वाटला. करारात कलात्मक निर्णयाचा अधिकार नेल्सन यांच्याकडे होता म्हणूनच ती तशीच्या तशी निघाली. तिच्यातील ‘ब्ल्यू आइज क्राइंग इन द रेन’ हे फ्रेड रोज यांचे १९४०च्या दशकातले जुने गाणे कंट्रीत पहिले आले आणि पॉपच्या यादीतही २१वे आले. व्हायोलिने नाहीत, वृंद नाही, आणि गायक स्वतःच उंबरा ओलांडून गेला.

खर्ज

फटकळ यांचा मुद्दा बिनतोड वाटला तरी एक पाहावे. त्या गाण्यातही नेल्सन मायक्रोफोनच्या जवळ, हळू आवाजातच गातात. वाद्ये गेली, पण ‘फोर वॉल्स’मधली ती जवळीक राहिली. कदाचित साज हा शब्दच आपण चुकीच्या जागी वापरीत असू. वादकांपेक्षा गायक मायक्रोफोनपासून किती अंतरावर उभा आहे, तिथे खरा फरक पडला असावा.

मांडवी

खर्ज, हे मला पूर्ण पटले. आमच्या शेजारच्या घरातील त्या तबकडीवर व्हायोलिने होती की नव्हती, हे मला आज आठवून सांगता येणार नाही. तो माणूस खोलीत बसून गात होता, एवढे मात्र नक्की आठवते.

सांजधून

सर्वांचे आभार. फटकळ यांनी दिलेले नेल्सन यांचे उदाहरण माझ्या मूळ मांडणीला छेद देते, हे मान्य करते. मूळ लेखातील ‘साज बदलला म्हणूनच’ हे वाक्य मी आता बदलणार नाही, कारण मग खालचे प्रतिसाद अधांतरी राहतील. नव्या वाचकांनी ते खर्ज यांच्या दुरुस्तीसह वाचावे.

वर रे प्राइस यांचे नाव आले आहे, म्हणून त्यांच्याविषयी थोडे. हा गृहस्थ नॅशव्हिलमध्ये हँक विल्यम्स यांच्यासोबत एका घरात राहिलेला. १९५६ साली फिडलच्या साथीवर त्यांनी गायलेले ‘क्रेझी आर्म्स’ २० आठवडे कंट्रीच्या शिखरावर होते. त्याच प्राइस यांनी १९६७ साली व्हायोलिनांच्या ताफ्यासह ‘डॅनी बॉय’ गायले, तेव्हा त्यांचे जुने चाहते बिथरले. आणि १९७० साली तशाच साजात क्रिस क्रिस्टोफरसन यांचे ‘फॉर द गुड टाइम्स’ गायले, तेव्हा ते पुन्हा पहिले आले, पॉपमध्येही ११वे. ‘क्रेझी आर्म्स’ आणि ‘फॉर द गुड टाइम्स’ लागोपाठ ऐकून, गायक मायक्रोफोनपासून कुठे उभा असावा असे वाटते, ते खर्ज यांनी अवश्य कळवावे.

एक राहिले. पॅट्सी क्लाइन आणि जिम रीव्ह्‌ज यांनी एकत्र कधीही ध्वनिमुद्रण केले नव्हते. दोघेही गेल्यानंतर, १९८१ साली, ओवेन ब्रॅडली यांनी दोघांच्या जुन्या फितींतून फक्त आवाज वेगळे काढले, साथ नव्याने वाजवून घेतली आणि ‘हॅव यू एव्हर बीन लोनली’ हे द्वंद्वगीत तयार केले. दोघांच्या मूळ गाण्यांतला साज पूर्णपणे काढून टाकलेला आहे. काल रात्री मी ते तीन वेळा ऐकले.